मागितल्याशिवाय न मिळणारे 1,84,000 कोटी

4 ऑक्टोबर 2025 रोजी गांधीनगरमध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ ही मोहीम सुरू केली. त्या वेळी त्यांनी एक आकडा सांगितला: 1 लाख 84 हजार कोटी रुपये. बँकांतल्या विसरलेल्या ठेवी, न उचललेले विम्याचे पैसे, लाभांश, शेअर, म्युच्युअल फंड असा सगळा मिळून देशातल्या माणसांचा एवढा पैसा दावेदाराविना पडून आहे. हा पैसा सरकारचा नाही आणि बँकेचाही नाही. तो कुणाच्या तरी आईचा, वडिलांचा, नवऱ्याचा आहे आणि त्यांच्या माघारी घरच्यांचा आहे. घरच्यांना फक्त ते ठाऊक नाही.

लाख कोटी म्हटले की आपली नजर थांबते. शून्ये मोजता येतात, पण आवाका कळत नाही. म्हणून जरा हिशेब मांडून पाहू.

1,84,000 कोटी रुपये पाचशेच्या नोटांत मांडले तर 368 कोटी नोटा होतात. पाचशेची नोट 15 सेंटीमीटर लांब असते. या नोटा एकीला एक लावून ठेवल्या तर 5 लाख 52 हजार किलोमीटरची ओळ होईल. पृथ्वीपासून चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे ही ओळ चंद्रापर्यंत पोचून परतीच्या वाटेवर 1 लाख 68 हजार किलोमीटर येईल. एखाद्याने सेकंदाला एक नोट या वेगाने, न झोपता, न जेवता मोजायला घेतली तर त्याला 116 वर्षे लागतील. रोज आठ तासच काम केले तर साडेतीनशे वर्षे.

अजून जवळचा हिशेब घ्या. महाराष्ट्र राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प सुमारे 7 लाख कोटींचा होता. बेवारस पडलेली ही रक्कम त्याच्या चौथ्या हिश्श्याहून मोठी आहे. बीडकरांना कळेल असे माप हवे असेल तर अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वे घ्या. 261 किलोमीटरचा हा मार्ग 1995-96 साली मंजूर झाला आणि पहिली गाडी बीडला आली 17 सप्टेंबर 2025 रोजी. तीस वर्षे वाट पाहायला लावणाऱ्या या मार्गाचा सुधारित खर्च सुमारे 4,800 कोटी रुपये आहे. विसरलेल्या पैशात अशा 38 रेल्वे होतात.

देशाची लोकसंख्या 140 कोटी धरली तर हा पैसा माणशी 1,300 रुपयांवर जातो. पाच जणांच्या घरामागे साडेसहा हजार. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार होती. त्या हिशेबाने जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे 340 कोटी येतात. ही निव्वळ सरासरी आहे. मुंबई-पुण्यात ठेवी मोठ्या, बीडमध्ये लहान, त्यामुळे जिल्ह्याची खरी रक्कम पुष्कळ कमी असू शकेल. पण कोरडवाहू गावातल्या एका घराला पाच हजार रुपये म्हणजे काय असतात, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

हा ढीग वाढतोही आहे. बँकेतल्या ज्या खात्यावर दहा वर्षे व्यवहार झाला नाही, त्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा करते. मार्च 2023 अखेर या निधीत 62,225 कोटी होते. मार्च 2024 अखेर ते 78,213 कोटी झाले. एका वर्षात सुमारे 16 हजार कोटींची भर पडली. दिवसाला 43 कोटींहून जास्त, मिनिटाला तीन लाख. हा लेख वाचायला पंधरा मिनिटे लागली, तर त्या वेगाने तेवढ्यात 45 लाख रुपये मालकाच्या हातून सुटून निधीत गेलेले असतील.

गर्दी आणि खिडकी

बीड जिल्ह्यातला नारायणगड हा श्री नगद नारायण महाराजांचा गड. वारकरी त्याला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. संत भगवानबाबांनी भगवानगड उभारण्यापूर्वी याच गडावर सेवा केली. पंचक्रोशीतली गावे सप्ताहाला, एकादशीला इथे जमतात. 12 ऑक्टोबर 2024 रोजी, दसऱ्याच्या दिवशी, मनोज जरांगे पाटील यांच्या मेळाव्याला मराठा आरक्षणाची मागणी घेऊन इथे लाखोंच्या संख्येने माणसे आली. 2025 च्या दसऱ्यालाही तो मेळावा इथेच झाला. त्या मागणीवर ज्याचे जे मत असेल ते असो. एक गोष्ट मात्र सर्वांनी पाहिली: हक्क मागायचा ठरवला की हा भाग पायी, ट्रॅक्टरने, टेम्पोने, भाकरी बांधून जमतो.

आणि जो हक्क आधीच कायद्यात, नियमात, पासबुकात लिहून ठेवला आहे, तो उचलायच्या वेळी मात्र माणूस खिडकीशी एकटा उभा असतो. त्याच्या हातात अर्धवट कागद असतात, मागे रांग असते आणि समोरून उत्तर येते, ‘वारसाचा दाखला आणा, मग बघू.’ तो दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही. अशा न आलेल्या तिसऱ्या खेपांची बेरीज म्हणजे हे हजारो कोटी. मला या लेखात एवढेच मांडायचे आहे: आपल्याकडे वसुली आपोआप होते आणि परतावा मागितल्यावरच मिळतो. गरिबाचे सर्वात जास्त पैसे याच फरकात बुडतात.

वीस रुपयांची नोंद

ग्रामीण भागातले कोणतेही पासबुक उघडा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन नोंदी सापडण्याची शक्यता आहे. एक 20 रुपयांची, दुसरी 436 रुपयांची. बँकेत विचारले तर ‘विम्याचे कटले’ एवढे उत्तर मिळते. कित्येक घरांत तेही कुणी विचारत नाही, कारण पासबुक वर्षानुवर्षे भरून आणलेलेच नसते.

वीस रुपयांची नोंद प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची. 18 ते 70 वयाचा खातेदार अपघातात गेला तर वारसाला 2 लाख रुपये मिळतात. 436 रुपयांची नोंद प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची. 18 ते 50 वयात नाव नोंदवलेला माणूस 55 वर्षांच्या आत कोणत्याही कारणाने गेला तरी 2 लाख. दोन्हींचे वर्ष 1 जून ते 31 मे. दोन्हींचा मिळून हप्ता वर्षाला 456 रुपये, म्हणजे दिवसाला सव्वा रुपया. अपघातात मृत्यू झाला तर दोन्हींचे मिळून 4 लाख, भरलेल्या वार्षिक हप्त्याच्या 877 पट.

आता देशाचा आकडा पाहा. मे 2015 मध्ये या योजना सुरू झाल्या. दहा वर्षे पूर्ण होताना, एप्रिल 2025 पर्यंत, अपघात विम्यात आजवरची एकूण नोंदणी 51 कोटी 6 लाख होती. याच दहा वर्षांत रक्कम मिळालेले दावे होते 1,57,155. त्यापोटी 3,121 कोटी रुपये दिले गेले.

या आकड्याशेजारी दुसरा ठेवा. 2022 या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. हा फक्त रस्त्यांचा आकडा. विहिरीत पडलेले, वीज कोसळलेले, मोटारीचा शॉक लागलेले, साप चावलेले यात नाहीत. म्हणजे दहा वर्षांत सर्व प्रकारच्या अपघातांत मिळून जितके दावे मंजूर झाले, त्याहून जास्त माणसे या देशात एका वर्षात नुसत्या रस्त्यावर मरतात.

51 कोटी ही एकूण नोंदणी आहे. त्यातल्या अनेकांचा विमा मे महिन्यात खात्यात वीस रुपयेही नसल्यामुळे बंद पडला असणार. मृतांत लहान मुले आणि सत्तरीपलीकडचेही असतात. हे सगळे वजा करू. रस्त्यावर मेलेल्या पाच जणांत एकाचाच विमा चालू होता असे धरू. दहा वर्षांत रस्त्यांवर सुमारे 15 लाख माणसे गेली. त्यांचा पाचवा हिस्सा 3 लाख. दावे मिळाले त्याच्या निम्म्याइतके. उरलेल्या दीड लाख घरांचे प्रत्येकी 2 लाख म्हणजे 3,000 कोटी रुपये. हा माझा अंदाज आहे, सरकारी आकडा नव्हे. पण इतका सांभाळून केलेला अंदाजही असे सांगतो की जेवढे दिले तेवढेच द्यायचे राहिले.

कसे राहते, तेही पाहू. समजा, गडाच्या पायथ्याच्या एखाद्या गावात पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी रात्री मोटार चालू करायला गेला आणि साप चावून दगावला. घरचे त्याला दवाखान्यात न नेता मांत्रिकाकडे नेतात, किंवा दवाखान्यात पोचण्याआधीच तो जातो आणि मग घाईने अंत्यविधी उरकतात. या विम्याचा नियम सांगतो की साप चावणे, झाडावरून पडणे अशा मृत्यूंना तत्काळ केलेली रुग्णालयाची नोंद आधार म्हणून हवी. रस्ता, बुडणे अशा अपघातांना पोलिसांत नोंद हवी. कागदच झाला नाही, तर मृत्यू खरा असूनही दावा खोटा ठरतो. कागद झाला, तरी बायकोला माहीत नसते की मे महिन्यात खात्यातून 456 रुपये गेले होते. खात्याला वारस लावलेला नसतो, किंवा वारस म्हणून आईचे नाव असते आणि ती कधीच गेलेली असते. बँकेला मृत्यू कळवायचा तर बँक तालुक्याच्या गावी. तेराव्यानंतर पेरणी, पेरणीनंतर सोयाबीन काढणी, मग कोयता घेऊन कारखान्यावर. मुदत कधीच निघून जाते.

अशाच शेतकऱ्याच्या घरासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. 10 ते 75 वयातला खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातली सातबाऱ्यावर नाव नसलेली एक व्यक्ती तिच्यात येते. मृत्यूला 2 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर 1 लाख. हप्ता काहीच नाही. 2023 पासून विमा कंपनीही मध्ये नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत करायचा असतो. त्याच अपघातासाठी शासनाच्या दुसऱ्या विभागाची मदत घेतली असेल तर नियम आड येतो, म्हणून अर्ज करताना ते विचारून घ्यावे. पण विचारायला 30 दिवसांच्या आत तिथे पोचावे लागते, आणि दुखवट्यातल्या घरात महिना कसा जातो ते आपण जाणतो.

कापलेला कर, न भरलेले विवरण

कराच्या बाबतीत आपला समज असा की गरिबाचा त्याच्याशी संबंध नाही. बीडमध्ये तो संबंध जमिनीतून येतो. सोलापूर–धुळे महामार्ग, परळीची रेल्वे, तलाव, कालवे यांसाठी जिल्ह्यात मोठे भूसंपादन झाले. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 96 नुसार मिळालेल्या मोबदल्यावर आयकर लागत नाही, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 25 ऑक्टोबर 2016 च्या परिपत्रकात हे पुन्हा स्पष्ट केले आहे. पण कोर्टात जाऊन मोबदला वाढवून मिळाला, की वाढीव रकमेवर अनेक वर्षांचे व्याज येते. व्याजावर 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हाती येण्याआधीचा कर, कापला जातो. पॅन दिला नसेल तर 20 टक्के.

एक उदाहरण मांडू. व्याजाचे 20 लाख आले. टीडीएस कापला 2 लाख. आयकराच्या नियमानुसार अशा व्याजातला निम्माच भाग करपात्र, म्हणजे 10 लाख. 2025-26 पासून नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत धरून कर शून्य होतो. त्या शेतकऱ्याला दुसरे मोठे उत्पन्न नसेल, तर कापलेले 2 लाख रुपये पूर्णपणे त्याचे आहेत. परत मिळवायला एकच काम आहे: विवरणपत्र भरायचे. ते मुदतीत राहिले तर त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत उशिराने भरता येते. तीही तारीख गेली, तर उशीर माफ करण्याचा अर्ज आयकर अधिकाऱ्यांकडे करावा लागतो, आणि 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे त्यालाही पाच वर्षांची हद्द आहे. त्यानंतर ते 2 लाख कायमचे सरकारचे.

दुसरे उदाहरण मुदत ठेवीचे. नवऱ्याच्या माघारी मिळालेले 10 लाख रुपये 58 वर्षांच्या बाईने बँकेत ठेवले. सात टक्क्यांनी वर्षाला 70 हजार व्याज झाले. 50 हजारांवर व्याज गेले की बँक 10 टक्के कापते. वर्षाला 7 हजार. या बाईंना एक रुपयाही कर लागू नाही. आजवर 15 जी आणि साठीनंतर 15 एच या नावाने ओळखला जाणारा साधा अर्ज त्यांनी दर एप्रिलमध्ये बँकेत दिला असता, तर कपात झालीच नसती. ज्येष्ठांसाठी ही मर्यादा एप्रिल 2025 पासून 1 लाख झाली, हे चांगले झाले. पण साठीच्या आतल्या विधवेला आणि मर्यादेपलीकडच्या म्हातारीला तो अर्ज लागतोच.

पगारदारांचेही असेच होते. महाराष्ट्रात 1975 च्या कायद्याने आलेला व्यवसाय कर पगारातून वर्षाला 2,500 रुपये जातो. याच कायद्यात 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला सूट आहे, मतिमंद मुलाच्या पालकांनाही आहे. कपात दर महिन्याला न चुकता होते. सूट मात्र प्रमाणपत्र आस्थापनेत दिल्यावरच लागू होते. वीस वर्षांच्या नोकरीत हे 50 हजार रुपये होतात.

आणि जी तरुण पोरे गाव सोडून चाकण, रांजणगाव, वाळूजला कंत्राटी कामाला जातात, त्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे काय? एक ठेकेदार सुटतो, दुसरा धरला जातो, जुना क्रमांक मागे राहतो. 2023-24 मध्ये देशात अशी 21 लाख 55 हजार निष्क्रिय खाती होती आणि त्यांत 8,505 कोटी रुपये होते. सरासरी खात्यामागे सुमारे 39,500 रुपये. त्याच वर्षी एलआयसीकडे मुदत पूर्ण झालेल्या पण न उचललेल्या पॉलिसींचे 881 कोटी रुपये होते, 3 लाख 72 हजार विमाधारकांचे.

गोण्या आणि उपकर

पैशाशिवायचा हक्कही असाच सांडतो. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते, 1 जानेवारी 2023 पासून फुकट. ‘एक देश एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेमुळे ते कोणत्याही गावच्या रेशन दुकानातून, अंगठा लावून घेता येते. सांगली-कोल्हापूरच्या फडावरही.

पाच जणांच्या घराचे महिन्याला 25 किलो, पाच महिन्यांचे सव्वा क्विंटल. फडाशेजारच्या कोपीत राहणाऱ्या कुटुंबाला हे ठाऊक नसेल, किंवा दुकानदाराने ‘तुमचे कार्ड इकडचे नाही’ म्हणून परत पाठवले, तर त्या महिन्याचे धान्य गेले. नंतर ते साठवून मिळत नाही. अशा एक लाख कुटुंबांचे धान्य बुडाले असे धरले तर 12,500 टन होते, दहा टनी 1,250 ट्रक. आणि तेच कुटुंब उचलीच्या पैशातून दुकानातून ज्वारी-तांदूळ विकत घेत असते.

इमारत बांधकाम मजुरांचा आकडा तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे. 1996 च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर सुरू झाला. त्यातून नोंदणी झालेल्या मजुराला आणि त्याच्या मुलांना शिक्षण, उपचार, मृत्यू अशा प्रसंगी मदत मिळते. 19 मार्च 2018 रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने नोंदवले की देशभरात 37,400 कोटींहून अधिक उपकर जमा झाला आणि खर्च झाले फक्त 9,500 कोटींच्या आसपास. सुमारे 28,000 कोटी तसेच राहिले. मजुराच्या नावाने गोळा केलेल्या शंभर रुपयांतले पंचवीस त्याच्यासाठी खर्ची पडले, पंचाहत्तर पेटीत राहिले. कारण मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला त्याने आणायचा, नोंदणी करायची, पुन्हा नूतनीकरण करायचे. उपकर भरणाऱ्या बिल्डरकडे सगळे कागद असतात. रोज नव्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराकडे ते कुठून येणार?

हा अडाणीपणा नव्हे

‘आपले लोक अडाणी आहेत, म्हणून असे होते,’ असे पुष्कळदा म्हटले जाते. ते खरे नाही. ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या वृद्धांना ‘पेन्शन क्रेडिट’ मिळते. तिथल्या सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे पात्र कुटुंबांपैकी साधारण तिसरा हिस्सा ते मागतच नाही. अमेरिकेत कमी पगाराच्या कष्टकऱ्यांना करातून जी उत्पन्न सवलत मिळते, ती पात्र असलेल्या पाचांतला एक जण घेत नाही, असे तिथले करखाते स्वतः सांगते. हे देश जवळजवळ पूर्ण साक्षर आहेत. तरी गळती आहेच, कारण तिथेही हक्काच्या दारात अर्ज उभा आहे.

जो थकलेला आहे, ज्याची मजुरी एका दिवसाच्या खेपेने बुडते, ज्याला साहेबासमोर उभे राहायची भीती वाटते, त्याला अर्जाचे दार सर्वात जड जाते. म्हणजे ज्याला पैशाची गरज जास्त, त्याच्याच हातून तो जास्त निसटतो. सधन माणूस ही सगळी कामे वकिलाकडून, सीएकडून करून घेतो. पाच-सात हजारांसाठी सीए लावणे गरिबाला परवडत नाही.

म्हणून उपाय फक्त जनजागृतीचा असू शकत नाही. एका आठवड्यात देशभरच्या कोट्यवधी खात्यांतून न विसरता 20 रुपये कापून घेणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली, ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे, आणि तिने मृत्यूंचा राष्ट्रीय पातळीवरचा माहितीसाठाही आणला. मग ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली की त्या माणसाच्या बँकेला तो कळावा आणि बँकेने वारसाला स्वतःहून लिहावे, ‘तुमच्या माणसाचा विमा चालू होता, या कागदांसह या,’ हे अशक्य कसे? पॅनवर ज्याचा टीडीएस कापला आणि ज्याने विवरण भरले नाही अशा प्रत्येकाची आयकर खात्याकडे नोंद असते. कर थकला की संदेश येतो. कर जास्त कापला गेला तर त्याचाही संदेश यायला हवा. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर टोळीची नोंद होते, तेव्हाच शेजारच्या रेशन दुकानाला त्या कुटुंबांचे धान्य पाठवता येईल. वसुलीसाठी जेवढी तत्परता आहे, तेवढीच देण्यासाठी असावी, एवढीच ही मागणी आहे, आणि ती रास्त आहे.

गडावरून सुरुवात

सरकारची रीत बदलेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. नारायणगडासारखी ठिकाणे इथे फार मोठे काम करू शकतात. सप्ताहात जिथे हजारो माणसे जेवतात, तिथे मंडपाच्या एका कडेला दोन टेबले मांडता येतील. शिकलेल्या पोरापोरींनी तिथे बसावे आणि आलेल्याचे पासबुक वाचून दाखवावे. गावात कुणाचा मृत्यू झाला तर तेराव्याच्या आत एका जाणत्या माणसाने त्या घरी जाऊन कागद पाहावेत, ही रीत गावाने पाडून घ्यावी. भजनी मंडळ, बचत गट, दूध डेअरी, शाळेतले शिक्षक, कुणीही हे करू शकते.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी कामे अशी. या आठवड्यात घरातली सगळी पासबुके भरून आणा, बंद पडलेलीही. मे महिन्याच्या नोंदी पाहा. 20 आणि 436 रुपये गेले असतील तर ते घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः बायकोला आणि आईला, सांगा. गेले नसतील तर बँकेत जाऊन सुरू करा. प्रत्येक खात्याला जिवंत वारस लावा. मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात पाचशे रुपये राहतील असे बघा. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर शोध घ्या. जुनी ठेव निधीत गेली असली तरी ती हक्काने परत मिळते आणि तिला दावा करण्याची मुदत नाही. टीडीएस कापला गेला असेल तर 31 डिसेंबरच्या आत विवरण भरा. अपघाती मृत्यू झाला तर दुःखातही दवाखान्याची नोंद, पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका, आणि 30 दिवस विसरू नका.

हे स्वतःसाठी झाले की शेजारच्या एका घरासाठी करा, ज्या घरात वाचणारे कुणी नाही अशा. 1,84,000 कोटींचा ढीग एकाएका घराच्या पाच-दहा हजारांनी झाला आहे. तो एकेका घरानेच उतरवावा लागेल.